गोट्यांची भिंत वाचायला कुठे जावं? चाइल्ड्सचं कॉबलस्टोन म्युझियम

अमेरिकेतल्या न्यू यॉर्क राज्यात नायगाराहून रॉचेस्टरकडे जाताना जलद महामार्ग सोडून १०४ क्रमांकाचा रिज रोड धरला, तर तासाभरात चाइल्ड्स नावाची छोटी वस्ती लागते. ९८ क्रमांकाचा रस्ता जिथे रिज रोडला छेदतो, त्या चौकाच्या आसपास कॉबलस्टोन म्युझियम आहे. म्युझियम म्हटल्यावर काचेच्या कपाटांची मोठी इमारत डोळ्यांपुढे येते, तसं इथे काही नाही. एक चर्च, एक राहण्याचं घर आणि एक शाळा अशा गोट्यांच्या तीन इमारती, आणि त्यांच्या जोडीला गावातली काही जुनी दुकानं. दगडी बांधकामाची जराही आवड असेल, जुना वाडा दुरुस्त करायचं मनात असेल किंवा मुलांना 'घर कसं बांधतात' हे प्रत्यक्ष दाखवायचं असेल, तर दोन-अडीच तास काढून इथे जरूर थांबा. नुसते फोटो काढून निघायचं असेल तर वीस मिनिटांत सगळं उरकतं, पण मग ही जागा पाहिलीच नाही असं समजा.

कॉबलस्टोन म्हणजे एका हातात मावेल एवढा गोटा. रस्त्यावर बसवायचा घडीव चौकोनी दगड वेगळा, त्याची इथे गल्लत करू नये. गोट्यांचं बांधकाम जगात इतरही ठिकाणी सापडतं, पण पश्चिम न्यू यॉर्कमध्ये साधारण १८२५ ते १८६० या पस्तीसेक वर्षांत त्याला जी शिस्त आली ती वेगळीच आहे. उत्तर अमेरिकेतल्या अशा इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त रॉचेस्टरच्या पंचाहत्तर मैलांच्या परिघात आहेत, असं इथले जाणकार सांगतात. एवढ्याशा टापूत एवढी गर्दी कशी झाली, याचं उत्तर पायाखालीच आहे. हिमयुगातल्या बर्फाच्या थराने कॅनडाकडून दगड खरवडत, लोळवत आणले आणि बर्फ वितळल्यावर ते इथे टाकून दिले. ग्रॅनाइट, नाइस, चुनखडक, वालुकाश्म, सगळी सरमिसळ. त्या काळी आजच्या ओंटारियो सरोवराच्या जागी त्याहून मोठं इरोक्वॉय सरोवर होतं. त्याच्या लाटांनी किनाऱ्यावर वाळू-गोट्यांचा जो लांबलचक बांध रचला, तोच हा रिज रोड. म्युझियमला जाताना गाडी त्या जुन्या किनाऱ्यावरूनच धावत असते.

जंगल तोडून शेती सुरू झाली तेव्हा हे गोटे शेतकऱ्याच्या जिवावर उठले. हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते आणि दर वसंतात नवे दगड वर ढकलते, त्यामुळे कितीही वेचले तरी संपत नाहीत. बायकामुलांनी वेचायचे, बैलांच्या घसरगाडीवरून बांधावर ढीग लावायचे. १८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला, गहू बाहेरच्या बाजारात जाऊ लागला, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला आणि लाकडी खोपटाच्या जागी पक्कं घर हवंसं झालं. कालव्याचे जलपाश (बोटी चढवण्या-उतरवण्याचे 'लॉक') आणि पूल बांधणारे गवंडी काम संपल्यावर याच भागात राहिले आणि त्यांनीच ही कला रुजवली, असं परंपरेने सांगतात. दगड फुकट, चुना जवळचा, हात तयार. बाकी लागायचा तो वेळ.

आता म्युझियम कसं पाहावं ते सांगतो. वेळ वाचवण्यासाठी कोणत्याही क्रमाने पाहू नका, सनाच्या क्रमाने पाहा: आधी १८३४ चं युनिव्हर्सलिस्ट चर्च, मग १८४० च्या सुमाराचं वॉर्ड हाउस, शेवटी १८४९ ची शाळा. अभ्यासक या बांधकामाचे तीन टप्पे करतात: १८३५ पर्यंतचा पहिला, १८४५ पर्यंतचा मधला आणि १८६० पर्यंतचा शेवटचा. सनावरून पाहिलं तर या तीन इमारती तीन टप्प्यांत एकेक बसतात. हा योग दुसरीकडे इतक्या जवळजवळ सापडत नाही. १९९३ मध्ये या तिन्हींना मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तो योग्यच आहे.

चर्च हे उत्तर अमेरिकेतलं सर्वांत जुनं गोट्यांचं चर्च म्हणून ओळखलं जातं. आत जाण्याआधी दहा मिनिटं बाहेर भिंतीपाशी द्या. आधी चार-पाच फुटांवर उभं राहा आणि फक्त आडव्या रेषा पाहा. पहिल्या टप्प्याच्या भिंतीत गोटे शेतातले असतात, ओबडधोबड, रंगाने मिश्र, आकाराने कमीजास्त. तरीही प्रत्येक थर दोरीत असतो. हीच या पद्धतीची खूण. कोकणात किंवा घाटावर मातीत रचलेला गडगा आठवून पाहा. तिथे दगड जसा येईल तसा बसतो, थर असा नसतोच. इथे गवंडी एका थरासाठी एका उंचीचेच गोटे निवडतो. त्यासाठी भोकं पाडलेली फळी किंवा लोखंडी कडं वापरत. त्यातून गोटा गेला तर एका ढिगात, अडला तर दुसऱ्या. निवडीचं हे काम बांधणीइतकंच मोठं होतं आणि ते बऱ्याचदा घरची माणसं करत.

मग भिंतीच्या अगदी जवळ जा आणि एकच गोटा पाहा. त्याच्या वर आणि खाली चुन्याची आडवी पट्टी आहे. ती सपाट नसते. करणीने दोन्ही बाजूंनी दाबून तिला मध्ये धार काढलेली असते, उतरत्या छपराच्या आढ्यासारखी. काही गवंडी धारेऐवजी गोल मणी काढत. शेजारच्या दोन गोट्यांमधल्या उभ्या सांध्यात चुना पिरॅमिडसारखा टोकदार उभा केलेला दिसतो. म्हणजे प्रत्येक गोटा चुन्याच्या छोट्या कोंदणात बसवलेला आहे. ही नुसती शोभा नव्हे. धारेमुळे पाणी पट्टीवर साचत नाही, दोन्ही बाजूंना निथळतं. बोट न लावता, टॉर्च भिंतीला समांतर धरून प्रकाश टाकलात तर ही धार किती सरळ चालली आहे ते लख्ख दिसतं. ऊन तिरपं असेल तर टॉर्चचीही गरज नाही. भर दुपारी मात्र सगळी भिंत सपाट दिसते आणि काहीच कळत नाही. म्हणून सकाळी लवकर किंवा चारनंतर जा.

या भिंती साधारण दीड फूट ते वीस इंच जाड असतात. बाहेरून दिसतो तो गोटा पूर्ण जाडीचा नसतो. आत ओबडधोबड दगड आणि चुन्याची भर, बाहेर गोट्यांचा थर, आणि मधूनमधून भरीत खोल शिरणारे लांब दगड. हे लांब दगड भिंतीचा बाहेरचा पदर आतल्या भरीला बांधून ठेवतात. आपल्याकडचे गवंडी आरपार दगड टाकतात त्याच हेतूने. गोटासुद्धा लांबट असेल तर त्याचं तोंड बाहेर आणि शेपूट भिंतीत असाच बसवायचा, आडवा नव्हे. चांगल्या भिंतीत दिसतो त्याच्या दुप्पट दगड आत असतो. भिंतीचा हा गाभा बाहेरून दिसत नाही, म्हणून माहिती देणाऱ्याला हे आवर्जून विचारा. सनावळीपेक्षा या प्रश्नातून जास्त हाती लागतं.

गोट्याने कोपरा बांधता येत नाही. गोल दगडाला दोन काटकोनी तोंडं कुठून आणणार? म्हणून प्रत्येक कोपऱ्यात घडीव दगड येतात, वालुकाश्माचे किंवा चुनखडकाचे, एकदा लांब बाजू इकडे, एकदा तिकडे. दारं-खिडक्यांच्या वरचे आडवे दगड, खालचे उंबरे, जोत्याची पट्टी, हे सगळंही घडीव. चाइल्ड्स ज्या ऑर्लिन्स काउंटीत आहे, तिथे मेडिना वालुकाश्माच्या खाणी होत्याच, आणि त्या दगडाचा लालसर-तपकिरी रंग इथे जागोजागी भेटतो. कोपऱ्याच्या एका दगडाच्या उंचीत गोट्यांचे किती थर बसतात ते मोजा. या इमारतींचा अभ्यास करणारे हेच मोजतात. थर कमी असतील तर गोटे मोठे, काम बहुधा आधीचं. थर जास्त तर गोटे बारीक, काम बहुधा नंतरचं. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि तीन इमारतींचे तीन आकडे शेजारी लिहिले की पस्तीस वर्षांची गोष्ट त्यांना आपोआप कळते.

वॉर्ड हाउस हे या भेटीतलं सगळ्यांत समजून घेण्यासारखं ठिकाण, कारण ते राहण्यासाठी बांधलेलं घर आहे. काही काळ हे घर होरेस ग्रीली यांच्या मालकीचं होतं, 'न्यू यॉर्क ट्रिब्यून'चे संस्थापक-संपादक ते हेच. पण इथे पाहायचं ते मालकाचं नाव नव्हे, घराच्या चार बाजू. गोट्यांच्या घरांचा एक सर्वसाधारण हिशेब असा: उत्तम, एकसारखे, एका रंगाचे गोटे रस्त्याकडच्या भिंतीला. बाजूच्या भिंतींना त्याहून दुय्यम. मागच्या भिंतीला शेतातून आले तसे. आपल्या वाड्यांच्या दर्शनी भिंतीला घडीव काळा पाषाण आणि मागे साधी दगडमाती असते, तोच हा व्यवहार. त्यामुळे कुठलंही गोट्यांचं घर पाहताना आधी पाठ पाहावी. गवंड्याचा हात तिथे कळतो, कारण वाईट दगडातून सरळ थर काढणं चांगल्या दगडापेक्षा अवघड. शिवाय मागच्या बाजूला दुरुस्तीचे डागही लपवलेले नसतात.

शेवटी शाळा. ती चर्चपासून जरा दूर, रिज रोडवरच आहे. चालत गेलात तरी फार नाही, पण रस्त्यावर गाड्या वेगाने जातात, मुलं बरोबर असतील तर गाडीनेच जा. १८४९ ला बांधलेली ही एक-खोली शाळा १९५२ पर्यंत चालू होती. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं मुलांची दंगल आणि शेगडीची धग सोसलेली ही भिंत आहे. बांधकामाचा शेवटचा टप्पा समजून घ्यायला सन बरोबर जुळतो. त्या टप्प्यात गवंडी शेतातले गोटे सोडून सरोवराच्या किनाऱ्यावरचे, लाटांनी घासून गुळगुळीत झालेले दीड-दोन इंचांचे गोटे पसंत करू लागले. चाइल्ड्सपासून ओंटारियो सरोवर जेमतेम आठ-दहा मैल, गाड्या भरभरून आणता येत. लाल वालुकाश्माचे एका मापाचे गोटे ओळीने लावले की भिंत विणलेल्या कापडासारखी दिसते. काही घरांवर गोटे एका थरात उजवीकडे, पुढच्या थरात डावीकडे कलते लावून माशाच्या काट्यासारखी नक्षीही काढलेली आहे.

या सौंदर्याची एक किंमत होती. गोटे जसे बारीक झाले तसा बाहेरचा थर पातळ झाला, लांब शेपटाचे दगड कमी झाले आणि भिंत आतली भर अधिक बाहेरचं अस्तर अशी दोन पदरांची झाली. उशिराच्या टप्प्यातल्या इमारतींना फुगवटा येण्याचा धोका जास्त, तो यामुळेच. नजर भिंतीच्या रेषेत ठेवून कोपऱ्यावरून पाहा. मध्ये पोट आलं असेल तर थरांच्या रेषा तिथे हलक्याशा वाकतात. कुठल्याही जुन्या घराच्या पाहणीत हा कोन आधी घ्यावा.

आता चुन्याबद्दल, कारण या भिंतींचा खरा जीव चुना आहे. गोट्यांच्या भिंतीत चुन्याचं प्रमाण घडीव दगडाच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त असतं. गोल दगड एकमेकांवर नीट टेकतच नाही, त्यामुळे भार चुन्यातून उतरतो. स्थानिक चुनखडक आणि डोलोमाइट भट्टीत भाजून कळीचा चुना करायचा, खड्ड्यात पाण्यात विरवायचा, झाकून मुरवत ठेवायचा आणि स्वच्छ, खरखरीत वाळूत मळायचा. आपल्याकडे बैलांनी फिरवायच्या चुन्याच्या घाण्यात मळत, एवढाच काय तो फरक. हा चुना हवेतला कर्बवायू घेऊन हळूहळू पुन्हा दगड बनतो, पृष्ठभागापासून आत महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर. म्हणून गवंड्याला एका दिवसात मोजकेच थर घालता येत. घाई केली तर ओल्या चुन्यावर वरचा भार येऊन खालचे गोटे बाहेर सरकतात. एकेका घराला कित्येक मोसम का लागत, याचं कारण हे. कालव्याच्या कामात, १८१८ च्या सुमारास, कॅनव्हास व्हाइट या अभियंत्याने चिटेनँगोजवळ पाण्यात घट्ट होणारा नैसर्गिक सिमेंटचा खडक शोधला होता. त्यामुळे काही भिंतींत असं मिश्रणही सापडू शकतं. पण पोर्टलंड सिमेंट अमेरिकेत बनू लागलं ते १८७० च्या दशकात. तेव्हा १८६० च्या आधीच्या घरावर करडं, कडक, काचेसारखं वाजणारं सिमेंट दिसलं, तर ती नंतरची दुरुस्ती, हे नक्की समजा.

आणि बहुतेक वेळा ती दुरुस्ती नसून दुखापत असते. सिमेंट कडक आणि बंद. आतला चुना मऊ आणि श्वास घेणारा. भिंतीत शिरलेलं पाणी पूर्वी सांध्यातून बाहेर पडायचं, ते सिमेंटच्या पापुद्र्यामागे अडकतं. हिवाळ्यात ते गोठतं, फुगतं, आणि पापुद्रा आपल्याबरोबर गोटेही घेऊन सुटतो. कोपऱ्यातल्या वालुकाश्माचं हाल वेगळं: सांधा बंद झाला की पाणी दगडातून वाट काढतं, लोणा लागतो, पोपडे सुटतात आणि दगड थर थर झडतो. साताऱ्याच्या काळ्या दगडाला पाणी फारसं शोषता येत नाही म्हणून तिथे हे उशिरा दिसतं, गोव्या-कोकणातल्या जांभ्याला मात्र हाच त्रास होतो. आपल्या जुन्या घरांवर 'पक्कं काम' म्हणून सिमेंटच्या दरजा भरणाऱ्या प्रत्येकाने ही भिंत एकदा जवळून पाहावी असं मनापासून वाटतं.

बरोबर पद्धत कशी, तेही लिहून ठेवतो, कारण गोट्यांचं घर विकत घेऊन राहणारी मंडळी या भागात आहेत. सर्वांत आधी पाणी कुठून येतंय ते पाहायचं: पन्हळ गळतेय का, धुराड्याच्या बुडाशी फट आहे का, जोत्याजवळची माती उंच झाली आहे का. हे न करता दरजा भरल्या तर तीन-चार वर्षांत पुन्हा तेच. मग जुना सांधा ओळखायचा. खिळ्याच्या टोकाने ओरखडा काढा: चुना भुसभुशीत निघतो, सिमेंटवर नुसती रेघ उठते. हे स्वतःच्या घरावरच करायचं, म्युझियमच्या भिंतीला हातसुद्धा लावू नये. सैल सांधा हातोडी आणि अरुंद छिन्नीने हातानेच काढायचा, सांध्याच्या रुंदीच्या दोन-अडीचपट खोल, निदान एक इंच. चक्री यंत्र चालवलं की गोट्याच्या कडा कापल्या जातात आणि ती खूण कधी जात नाही. धूळ झटकायची, भिंत चांगली भिजवायची, पण पाणी ओघळता कामा नये. जलीय चुना (ओलाव्यातही घट्ट होणारा) साडेतीन शक्तीचा, म्हणजे पिशवीवर ३.५ लिहिलेला, असेल तर एक भाग चुन्याला अडीच भाग वाळू, मुरवलेला साधा चुना असेल तर एकाला तीन. वाळू जुन्या चुन्यातल्या वाळूसारखी, रंगाने आणि कणाने. भिंतीचा रंग वाळू ठरवते, चुना नव्हे. खोल सांधा एकदम भरायचा नाही, पाऊण इंचाचे थर देत भरायचा. बोटाने दाबल्यावर खूण उमटेल पण बोटाला लागणार नाही, एवढा आवळला की करणीने धार काढायची. आधी काढली तर ती ढासळते, नंतर काढली तर भेगाळते. ओल्या गोणपाटाने आठवडाभर झाकून ठेवायचं. पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर काम सुरूच करू नये, आणि पहिल्या हिमापूर्वी काही आठवडे हाताशी हवेत. म्हणजे इथे मे ते सप्टेंबर हाच मोसम.

पूर्ण भिंतीला हात घालण्याआधी मागच्या बाजूला तीन फूट बाय तीन फूट नमुना करून महिनाभर वाळू द्यावा. गवंडी निवडताना त्याने आधी केलेली, निदान दोन हिवाळे सोसलेली गोट्यांचीच भिंत दाखवायला सांगा. विटेचं उत्तम काम करणाऱ्याला ही धार काढता येईलच असं नाही. वाळूचा मारा करून भिंत 'स्वच्छ' करून देणारा आणि वरून पाणीरोधक लेप सुचवणारा, दोघांनाही नम्रपणे नकार द्यावा. पहिल्याने धार झिजते, दुसऱ्याने ओल कोंडते.

म्युझियममध्ये याखेरीज लोहारशाळा, छापखाना, खोगीर-लगाम बनवण्याचं दुकान अशाही जागा आहेत. त्या चांगल्या आहेत, मुलांना लोहारशाळा आवडेल, पण वेळ कमी असेल तर गोट्यांच्या तिन्ही इमारती सोडू नका. हे सगळं सांभाळणारी कॉबलस्टोन सोसायटी १९६० मध्ये स्थापन झाली. गावाच्या पातळीवर उभ्या राहिलेल्या संस्थेने एवढ्या इमारती टिकवल्या, याचं मोल मोठं आहे. देणगीपेटी दिसली तर हात आखडता घेऊ नका.

व्यवहाराच्या चार गोष्टी. म्युझियम हंगामी आहे, साधारण मे ते ऑक्टोबर, आणि इमारती आतून पाहायच्या तर सोबत माहिती देणारा लागतो. वार आणि वेळ निघण्याआधी तपासून घ्या. बाहेरून भिंती केव्हाही दिसतात, पण वॉर्ड हाउस आतून पाहिल्याशिवाय खिडकीच्या कोनाड्याची खोली, म्हणजे भिंतीची जाडी, समजत नाही. स्वतःची गाडी हवी. इमारती जुन्या आहेत, पायऱ्या उंच आहेत. आजी-आजोबा बरोबर असतील तर आधी फोन करून कुठे चढावं लागेल ते विचारून घ्या. जवळच अल्बियन गाव आहे, ईरी कालवा तिथूनच जातो आणि जेवणखाणही तिथेच बघावं लागेल.

टोरांटोकडच्या मंडळींना सीमा ओलांडायची नसेल, तर ओंटारियोतलं पॅरिस गाव पाहावं. न्यू यॉर्ककडून तिकडे गेलेल्या लेव्ही बॉटन या गवंड्याने १८३८ च्या पुढे तिथे हीच पद्धत नेली आणि त्या घरांच्या भिंती रस्त्यावरून दिसतात. पण तिथली घरं राहती आहेत, अंगणात शिरू नये. आणि चाइल्ड्स पाहून झाल्यावर दिवस उरला असेल तर दक्षिणेला अलेक्झांडर गावात १८३७ ची शाळेची इमारत आहे, चक्क तीन मजली. गोल दगड आणि चुना एवढ्यावर तीन मजले उभे करायचे तर खालच्या थरांना किती दिवस वाळू द्यावं लागलं असेल, हे चुन्याचा हिशेब कळल्यावर तिथे उभं राहून पाहा.